समुद्रकाठचं परान्न

कोणाला तोंडावर नाही म्हणणं माझ्या आईला आयुष्यात कधी जमलं नाही. ती फक्त जेवत नाही.

म्हणजे जेवते, दोन्ही वेळा व्यवस्थित जेवते, पण स्वतःच्या हातचं. दुसऱ्या कोणी रांधलेलं अन्न म्हणजे परान्न, आणि ते तिला वर्ज्य. आमच्याकडे पुष्कळ लोक हा नेम चातुर्मासापुरता धरतात. चार महिने घरचंच जेवायचं, कार्तिकात चार माणसं जेवायला बोलवायची आणि नेम सोडायचा. आईने तो धरला बाबा नागपूरला हॉस्पिटलात होते तेव्हा. हे घरी येईस्तोवर कोणाच्या हातचं खाणार नाही, असं तिने देवापुढे सांगून टाकलं. बाबा घरी आले नाहीत, आणि नेमाला सुटायला जागाच उरली नाही.

मी तेव्हा इंग्लंडातल्या मेडनहेडहून रजा काढून नागपूरला गेले होते. बाबांचा डबा मी करायची, आई तो हॉस्पिटलात न्यायची आणि स्वतः घरी येऊन आपली वेगळी भाकरी थापायची. बाबा शेवटचे जेवले ती माझ्या हातची मुगाची खिचडी होती. एवढं एक समाधान माझ्या पदरात आहे, आणि ते मी भेटेल त्याला सांगत असते.

लोक आपल्या आईवडिलांना इंग्लंडला उन्हाळ्यात बोलावतात. आमच्या आईला नागपूरचा मे महिना सोसतो, पण तिथली दिवाळी एकटीने सोसत नाही. म्हणून ती दिवाळीच्या आधी येते आणि आमचा सगळा हिवाळा बघून जाते. येताना स्वतःची कढई, स्वतःचा तवा आणि स्टीलचा एक कडीचा डबा घेऊन येते. माझ्या फ्रिजमधला वरचा कप्पा तिचा, गॅसची मागची शेगडी तिची. मी उठायच्या आत तिचा स्वयंपाक झालेला असतो. मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन भरली वांगी करावी, तिने शेजारी उभं राहून "वास छान येऊन राहिला गं" म्हणावं, आणि आपल्या डब्यातली गार खिचडी घेऊन टेबलाशी बसावं, असे आमचे दोन हिवाळे गेले.

"अगं, मी परकी आहे का?" असं मी एकदा विचारलं.

"लेकीचं घर ते. जावयाचं," ती म्हणाली, आणि पाणी प्यायला उठली.

मला याचा राग येतो. तो यावा की नाही हे मला ठाऊक नाही, पण येतो. मी एका कंपनीत दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. दिवसभर ते केल्यावर घरी येऊन स्वतःच्या वांग्यांमध्ये काय चूक आहे हे शोधायची ताकद राहत नाही. मराठी मंडळाच्या पॉटलकला, जिथे प्रत्येकीने एकेक पदार्थ करून आणायचा असतो, तिथे तर माझी शोभाच होते. सगळ्यांच्या आया एकमेकींच्या सुनांचे ढोकळे खाऊन नावं ठेवत असतात, आणि माझी आई कोपऱ्यात डबा उघडून बसलेली. बायका मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, "तुमचं काही बिनसलंय का?"

नवरा पुण्याचा. त्याला सहलीलाही तत्त्व लागतं. मागच्या नाताळात आम्ही कॅरिबियन बेटावर जायचं ठरवलं तेव्हा त्याचं तत्त्व होतं, स्थानिक लोक जिथे जेवतात तिथेच जेवायचं. हॉटेलातला बुफे नको, साखळी रेस्टॉरंट नको, घरच्या माणसांनी चालवलेलं छोटं ठिकाण हवं. हाच माणूस इतकी वर्षं मेडनहेडला राहतो आहे. आमच्या कोपऱ्यावर तिथले स्थानिक लोक जिथे रांग लावून जेवतात असं माशांचं दुकान आहे. त्यात याने अजून पाऊल ठेवलेलं नाही, कारण तिथल्या तेलाचा वास कोटाला लागतो.

"आणि आईंचं काय?" असा प्रश्न त्यालाच पडला, हे मात्र त्याचं कौतुक. भाड्याच्या घरात छोटी शेगडी होती, पण दिवसभर बाहेर हिंडायचं तर प्रत्येक वेळी घरी येऊन कुकर लावणार कोण?

तोडगा मामाने काढला. माझा मामा नागपूरला असतो आणि धर्मापासून डायबेटिसपर्यंत सगळ्या शंकांचं निरसन व्हॉट्सॲपवर करतो. त्याने लांबलचक आवाजी निरोप पाठवला. त्याचं तात्पर्य असं की ज्या अन्नाला आपला हात लागला ते परान्न राहत नाही. भांड्यात पळी घालून एकदा ढवळलं की पुरे.

"मग माझ्या भाजीत का नाही ढवळत?" मी तिथल्या तिथे विचारलं.

"तुझ्या स्वयंपाकात ढवळलं की तू म्हणशील, आई ढवळाढवळ करते," आई म्हणाली.

अशा रीतीने आम्ही चौघं निघालो. मी, नवरा, शाळेत जाणारी आमची लेक आणि दुसऱ्यांच्या भांड्यात पळी घालायचा परवाना मिळालेली आई. तिच्या बॅगेत कढई, बेसन, तांदूळ, गूळ आणि तो कडीचा डबा.

गाव म्हणजे समुद्राला समांतर एक रस्ता. एका टोकाला मोठं हॉटेल. तिथे आमच्या विमानातले बहुतेक लोक उतरले आणि उन्हात बसून सॉसेज आणि बेक्ड बीन्स खाऊ लागले. दुसऱ्या टोकाला मासेमारीच्या होड्या. मधल्या भागात खाण्याची छोटी छोटी ठिकाणं. कुठे घराचाच व्हरांडा, कुठे पत्र्याचं छप्पर आणि चार बाकं. दारात खडूने लिहिलेला फळा. फळ्यावर जे लिहिलेलं असतं ते आत नसतं आणि आत जे असतं ते लिहायला कोणाला वेळ झालेला नसतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं. नवऱ्याने एका ठिकाणी विचारलं, "तुम्ही किती वाजता उघडता?" मालक म्हणाला, "शिजलं की." "आणि बंद?" "संपलं की." नवरा हे उत्तर ऐकून इतका खूश झाला की त्याने उद्यासाठी टेबल राखून ठेवायला सांगितलं. मालकाने बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. बाकावर कोंबडी बसली होती. "ती उठली तर तुमचंच," तो म्हणाला.

या मालकाने आईला आनंदाने आत घेतलं. आजीबाईंना भांडं ढवळायचं आहे म्हटल्यावर त्याने हसत हसत मोठा डाव तिच्या हातात दिला. घेवड्याच्या मोठ्या दाण्यांचा रस्सा होता. आईने पदर खोचला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि ढवळलं. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात मालकाने तोच डाव तिच्या हातातून घेऊन शेजारच्या माशाच्या पातेल्यात घातला. आई तशीच मागे फिरली. बाहेर येऊन तिने पिशवीतून केळं काढलं आणि मालकाला म्हणाली, "व्हेरी गुड." तिला नाही म्हणता येत नाही, हे मी सांगितलंच आहे.

दुसऱ्या ठिकाणी तरुण मालक होता. त्याने हातमोजे, टोपी आणि भिंतीवरचं प्रमाणपत्र दाखवून सांगितलं की गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात येता येत नाही. नवऱ्याला वाईट वाटलं, पण ते वेगळ्या कारणाने. प्रमाणपत्र असलेली जागा अस्सल कशी, असा त्याला संशय आला. आईने दुसरं केळं काढलं. संध्याकाळी घरी येऊन तिने पिठलं-भात केला आणि एकटीने खाल्ला. आम्ही तिघं पोट भरून आलो होतो आणि तिच्यासमोर गुन्हेगारासारखे बसलो होतो.

तिसरं ठिकाण म्हणजे पिवळ्या रंगाचं घर. चालवणारी बाई आईच्याच वयाची, उंच, धिप्पाड, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. एकटीच रांधायची, एकटीच वाढायची. फळाबिळा काही नव्हता. बसायचं, आणि ती आणून ठेवेल ते खायचं. तिचं इंग्रजी मला अर्धंच समजायचं, लेकीला मात्र पूर्ण. तिच्या शाळेतल्या मैत्रिणीची आजी अशीच बोलते म्हणे. त्यामुळे लेक दुभाषी झाली. त्या बाईचं बोलणं मी इथे माझ्या मराठीत सांगते आहे.

आई सवयीने आत शिरायला गेली. बाई दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"इथे एकच हात चालतो," ती म्हणाली. "माझा."

"तिला सांग, फक्त एकदा ढवळते," आई लेकीला म्हणाली.

लेकीने सांगितलं. बाईने मान हलवली. मग लेकीने तिला सगळंच सांगून टाकलं. माझी आजी दुसऱ्यांनी केलेलं खात नाही, स्वतः केलेलंच खाते, आमच्या घरीसुद्धा, दोन वर्षं झाली. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलांना घरातलं घरात ठेवायची शिकवण आम्ही द्यायची राहूनच गेली आहे.

मला वाटलं बाईला अपमान वाटेल. तिने आईकडे नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अरेरे," ती म्हणाली. "एवढी शिक्षा हिला कोणी दिली?"

"काय म्हणते?" आईने विचारलं.

लेक म्हणाली, "आजी, ती बोलते, तुला हा शिक्षा कोणी दिला?"

आई बाहेर येऊन बाकावर बसली. केळं काढलं, सोललं, आणि हातात धरून बसली. आमच्यापुढे नारळाच्या दुधातला भात आला, सोबत तळलेली पिकली केळी आणि कसल्याशा पाल्याची पातळ भाजी. पाला पाहून मला आपल्या अळूची आठवण झाली. मी खाल्लं. भूक लागली होती आणि फार चांगलं होतं. आईकडे मात्र बघवत नव्हतं.

आम्ही उठायला उशीर केला म्हणून पुढची गंमत पाहायला मिळाली. पातेलं रिकामं झालं, बाईने दार ओढून घेतलं आणि शेवटची राखून ठेवलेली एक थाळी घेऊन रस्ता ओलांडला. समोर निळ्या घरात दुसऱ्या बाईचं असंच दुकान. निळ्या घरातली बाईही थाळी घेऊन बाहेर आली. रस्त्याच्या कडेला दोघींनी थाळ्या बदलल्या. एक शब्द नाही, हसणं नाही. दोघी आपापल्या पायरीवर जाऊन एकमेकींकडे पाठ करून बसल्या आणि जेवू लागल्या.

हे काय प्रकरण आहे ते विचारल्याशिवाय लेकीला राहवणार नव्हतंच. तिने विचारलं.

"दिवसभर माझ्याच पातेल्याचा वास माझ्या नाकात असतो," पिवळ्या घरातली बाई म्हणाली. "तीन वाजले की माझ्याच हातचं मला मातीसारखं लागतं. रांधणाऱ्या बाईला दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं लागतंच. त्याशिवाय ती जेवली असं होत नाही."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

"ती लबाड आहे. माझ्या दारातून समुद्र दिसायचा, तिथे भिंत बांधली तिने." घास गिळून ती पुढे म्हणाली, "पण तिचा हात चांगला आहे."

नवऱ्याला हे इतकं अस्सल वाटलं की त्याने फोटो काढायला फोन उचलला. बाईने नुसतं पाहिलं. त्याने फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोडणीच्या वासाने जाग आली. आई शेगडीशी उभी होती. कडीचा डबा उघडा, त्यात गरम भात आणि वर पिठलं.

"कोणासाठी?"

"त्या बाईला दाखवते. म्हणते शिक्षा. माझ्या हाताला काय झालं? यांनी चाळीस वर्षं नाव नाही ठेवलं." आईच्या तोंडून बाबांचा उल्लेख मी पुष्कळ दिवसांनी ऐकत होते. "तुम्ही आपलं समुद्रात डुंबा. मी नातीला घेऊन जाते."

अर्थात आम्ही सगळेच गेलो. पातेलं रिकामं व्हायच्या सुमाराला आईने डबा बाईच्या पुढ्यात ठेवला. बाईने झाकण काढून वास घेतला, चमच्याने चाखलं, आणि मग उठून आपल्या मिरचीच्या सॉसची बाटली आणली. पिवळ्याधमक पिठल्यावर तिने लाल सॉस ओतला तेव्हा आईच्या तोंडून "अगं बाई!" एवढंच निघालं. नागपूरच्या बाईच्या पिठल्याला तिखट कमी पडलं, हे तिने प्रथमच पाहिलं असणार. बाईने डबा पुसून खाल्ला. त्या दिवशी निळ्या घरातली बाई थाळी घेऊन बराच वेळ रस्त्यात उभी होती.

मग पिवळ्या घरातली बाई आत गेली. डबा घासल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा डबा झाकलेला होता आणि कडी लावलेली होती. तिने तो आईच्या हातात दिला. आईने हातावर तोलून पाहिला. डबा जड होता.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. कोणाचा डबा आपल्याकडे आला तर तो रिकामा परत करायचा नाही, ही रीत आईने मला अक्षरओळखीच्या आधी शिकवली आहे. काही नसलं तर साखर घालायची, चार लिंबं घालायची, पण रिकामा नाही. आणि ज्याचा डबा भरून परत आला त्याने तो नाकारायचा नाही. नाकारणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. दुसऱ्या मुलखातल्या, दुसऱ्या धर्माच्या या बाईला ही रीत कोणी शिकवली होती मला माहीत नाही. बहुतेक कोणीच नाही, रिकामं भांडं परत देताना तिलाही लाज वाटत असेल. पण आईचा एक नियम आईच्याच दुसऱ्या नियमासमोर येऊन उभा राहिला होता, आणि दोन्ही तितकेच कडक होते.

आईने कडी काढली. आत नारळाच्या दुधातला भात होता, आणि त्यात हिरवे दाणे.

"सोले," आई म्हणाली.

ओल्या तुरीच्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. नागपूरला ते हिवाळ्यातच येतात. संध्याकाळी अंगणात बसून शेंगा सोलायच्या आणि सकाळी भात नाहीतर आमटी, असा पौष जातो. मेडनहेडला ते मिळाले तरी पत्र्याच्या बंद डब्यातले, रबरासारखे. इथे त्या बेटावर नाताळात ओली तूर येते, आणि ती अशीच भातात घालतात.

"तुरीचेच आहेत," आईने एक दाणा चिमटीत धरून उन्हात पाहिला. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, "डबा तर माझाच आहे."

आणि जेवली. बोटांनी कालवून, डब्याच्या कोपऱ्यातलं शीत न शीत काढून जेवली. नवऱ्याने ताबडतोब मामाला निरोप पाठवला. मामाचं उत्तर आलं, डबा आपला असल्यास हरकत दिसत नाही, मात्र चमचा कोणाचा होता ते कळवावे. लेक हसत सुटली. बाई पायरीवर बसून आईकडे बघत होती, आणि आपल्याच मुलाला दूध पाजल्यासारखा तिच्या चेहऱ्यावर संतोष होता.

मी मात्र उठले आणि समुद्राकडे चालू लागले. मला आनंद व्हायला हवा होता. प्रत्यक्षात माझं डोकं भडकलं होतं. दोन हिवाळे मी वांगी केली, आमट्या केल्या, सणाला पुरण घातलं. माझ्याकडेही भात होता आणि डबा तर रोज माझ्याच ओट्यावर पडलेला असायचा. माझ्या हातचं परान्न आणि कोण कुठल्या बाईच्या हातचं चालतं!

आई मागून आली. वाळूत चपला हातात घेऊन, नऊवारी लुगडं नसलं तरी साडी तितकीच वर खोचून.

"काहून गं? काय पाहून राहिली?"

"काही नाही. जेवलीस ना पोटभर? छान झालं."

"रागावली."

"हो, रागावले. तुला नेम मोडायचा नव्हता ना? मग माझ्याच वाट्याला तो नेम का? मी काय वाईट केलं होतं तुझं?"

होड्यांच्या सावलीत एक मोडका ओंडका होता. आई त्यावर बसली. बराच वेळ पायाने वाळू उकरत राहिली.

"तू त्या दिवशी खिचडी दिली होती ना यांच्यासाठी," ती म्हणाली. "मुगाची. वरून तूप. मी यांच्यापुढे डबा धरला. यांनी तोंड फिरवलं. एक घास नाही घेतला. मी डबा तसाच भरलेला घरी आणला. तू दार उघडलं आणि विचारलं, बाबा जेवले का? मी हो म्हटलं."

मंडळात, ऑफिसात, फोनवर, किती जणांना मी ते सांगितलं होतं! शेवटचं माझ्या हातचं जेवले. माझ्या पदरातलं एवढं एक समाधान होतं, तेही तिच्या नाही न म्हणण्याच्या सवयीतून आलेलं.

"मग त्या खिचडीचं काय केलंस?"

"टाकून कशी देणार? तू केलेली. यांच्या नावाची. तू झोपल्यावर मीच खाल्ली, ओट्याशी उभं राहून. फार भूक होती गं मला." आईने पुन्हा पायाने वाळू उकरली. "नेम तिथंच मोडला. आणि दुसऱ्या दिवशी हे गेले."

किनाऱ्यावर मुलं फुटबॉल खेळत होती. चेंडू आमच्या पायाशी आला, आईने तो उचलून परत फेकला.

"आई, डॉक्टरांनी आठवडाभर आधीच सांगितलं होतं. तुझ्यादेखत सांगितलं होतं."

"माहीत आहे मला."

"माहीत असून दोन वर्षं..."

"माहीत असण्यानं काय होते? तू ताट वाढलं की मला तो डबा दिसते. मला वाटते, मी त्या रात्री नसती खाल्ली तर." पुढचं तिने सोडून दिलं. मग पदराने नाक पुसून पिवळ्या घराकडे हात केला. "ही बाई बरोबर बोलली. मी म्हटलं हिला दाखवू. पण ती बरोबर बोलली."

मला रडू आलं आणि मी रडले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. हाताला नारळाच्या दुधाचा वास येत होता. बाबांसाठी, खिचडीसाठी, तिच्यासाठी, कोणाकोणासाठी मी रडत होते ते मला सांगता येणार नाही. नवरा लांबून येताना दिसला, आम्हाला बघून त्याने दिशा बदलली आणि एका होडीचं बारकाईने निरीक्षण करू लागला. पुणेरी माणसाला इतकी समज असते, हे मी पूर्वी मान्य केलं नसतं.

उरलेल्या दिवसांत आईचा डबा रोज भरून गेला आणि रोज भरून आला. निळ्या घरातल्या बाईने शेवटी लेकीला गाठून विचारलं की ते पिवळं काय असतं आणि ते फक्त त्या लबाड बाईलाच का मिळतं. मग आईने तिलाही एक वाटी नेऊन दिली. त्या दोघी एकमेकींशी बोलू लागल्या, असं मात्र काही झालं नाही. भिंत तशीच उभी होती. निघताना पिवळ्या घरातल्या बाईने आईला मिठी मारली, आणि आईने तिला "व्हेरी गुड" म्हटलं. या वेळी ते खरं होतं.

मेडनहेडला परतलो तेव्हा पाऊस नव्हता, पण उजेडही नव्हता. दोन दिवस आईने मागच्या शेगडीवर आपलं आपलं केलं. मी विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. मला वाटलं, ते सगळं त्या बेटावरच राहिलं. सहलीत माणसं कशीही वागतात आणि घरी आली की आपल्या कप्प्यात जाऊन बसतात.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर मागची शेगडी कोरडी होती. कढई उपडी घातलेली. ओट्यावर कडीचा डबा उघडा ठेवलेला होता, आणि आई खुर्चीवर नुसती बसून होती.

"मुगाची कर," ती म्हणाली. "वरून तूप."

मी कोटसुद्धा काढला नाही. तशीच डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावला. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघी लेकीच्या शाळेविषयी बोललो, कचऱ्याचा बिन कोणत्या दिवशी बाहेर ठेवायचा याविषयी बोललो. मग मी डबा भरला, तुपाची धार सोडली आणि तिच्यापुढे ठेवून खोलीबाहेर गेले. पाहत उभं राहायचं धाडस मला झालं नाही. जिन्यात बसून मी चमच्याचा आवाज ऐकत राहिले. तो मध्येच थांबला. बराच वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

"मीठ कमी आहे गं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "त्या बाईचा हात बरा."

मी आत गेले. आईने डबा घासला, फडक्याने आतून बाहेरून पुसला, झाकण लावलं, कडी घातली आणि माझ्या हातात दिला. परक्या घरी आमच्यात डबा कधी रिकामा देत नाहीत. मी कडी काढून पाहिलं. रिकामा होता.